लॅव्हेंडरचे तेल आणि भाजलेले हात : रेने-मॉरिस गातफोसे यांची खरी गोष्ट



आज एका फ्रेंच रसायनतज्ज्ञाचे जीवनचरित्र घेऊन आले आहे. त्यांचे नाव रेने-मॉरिस गातफोसे. नाव ओळखीचे वाटणार नाही, पण त्यांनी रूढ केलेला ‘अरोमाथेरपी’ हा शब्द आज दुकानात, मोबाईलवर, जाहिरातीत सगळीकडे दिसतो. आणि त्यांच्या हाताची गोष्ट तर तुमच्यापैकी अनेकांनी नक्की ऐकली असेल.

ही गोष्ट मी का लिहिते आहे ते आधी सांगते, कारण त्यात माझी एक चूक आहे.

गेल्या वर्षी परिपाठात मी मुलांना एक बोधकथा सांगितली. एका शास्त्रज्ञाचा हात प्रयोगशाळेत भाजला. शेजारी पाण्याचे भांडे आहे असे समजून त्याने हात बुडवला, तर ते निघाले लॅव्हेंडरचे तेल! आणि काय आश्चर्य, आग थांबली, हात बरा झाला, डागसुद्धा राहिला नाही. गोष्ट मुलांना फार आवडली. मी ती वर्गाच्या पालक ग्रुपवरही टाकली. कुठे वाचली, खरी आहे का, हे काहीच तपासले नव्हते.

दोन-तीन आठवड्यांनी माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या लहान भावाच्या हातावर गरम चहा सांडला. भाऊ जेमतेम तीन वर्षांचा. आईने घरातली लॅव्हेंडर तेलाची छोटी बाटली काढली आणि ते तेल तसेच, काहीही न मिसळता, भाजलेल्या जागी चोळले. पोर किंचाळून रडले. संध्याकाळपर्यंत हात जास्तच लाल झाला, फोड आले. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारले, हे लावायला कोणी सांगितले? आईने काय उत्तर दिले असेल ते मी सांगायला नको. मुलगी दुसऱ्या दिवशी मला अगदी सहज म्हणाली, की बाईंच्या गोष्टीतले तेल आम्ही लावले होते.

त्या रात्री मला झोप लागली नाही. बाळाचा हात नंतर बरा झाला, पण मी ठरवले की या माणसाची खरी गोष्ट शोधून काढायची आणि जिथे चुकीची सांगितली तिथेच पुन्हा सांगायची. ती ही.

जन्म आणि घराणे

रेने-मॉरिस गातफोसे यांचा जन्म १८८१ साली फ्रान्समधील लियाँ शहराच्या मोंशा या भागात झाला. लियाँ हे रोन आणि सोन या दोन नद्यांच्या संगमावर वसलेले, रेशमासाठी नावाजलेले शहर. वडिलांचे नाव लुई गातफोसे. त्यांनी १८८० साली एक व्यापारी पेढी सुरू केली होती. सुगंधी द्रव्ये बनवायला लागणारा कच्चा माल विकणे हा त्यांचा धंदा. म्हणजे पेढी आणि मुलगा जवळजवळ एकाच वयाचे. ती कंपनी आजही चालू आहे.

ज्या घरात धंदाच वासाचा, त्या घरातले मूल वास घेतच मोठे होणार. रेने-मॉरिस रसायनशास्त्र शिकले आणि भावांबरोबर घरच्या व्यवसायात उतरले. पण त्यांचे लक्ष नुसत्या विक्रीत नव्हते. फुला-पानांतून निघणाऱ्या तेलात नेमके काय असते, ते कशाने टिकते, कशाने बिघडते, याचा त्यांना ध्यास होता. त्या काळी अत्तरवाले आपली कृती गुपित ठेवत. बापाने मुलाला सांगायची, बाकी कोणाला नाही. गातफोसे यांनी उलटा रस्ता धरला. अत्तराच्या कृतींचे पुस्तक छापले, सुगंधी उद्योगाविषयीच्या नियतकालिकातून माहिती सगळ्यांसाठी खुली केली. मला विचाराल तर त्यांच्यातला शिक्षक इथेच दिसतो.

लॅव्हेंडरच्या डोंगरात

फ्रान्सच्या दक्षिणेला प्रोव्हान्स नावाचा प्रदेश आहे. तिथल्या कोरड्या, खडकाळ डोंगरउतारांवर लॅव्हेंडर रानोमाळ उगवत असे. उन्हाळ्यात, जुलै-ऑगस्टच्या सुमारास, जांभळ्या तुऱ्यांनी डोंगर भरून जातात. गावची माणसे, बायका-मुलेसुद्धा, विळ्याने हे तुरे कापत, पाठीवरच्या झोळीत भरत आणि विकत. तेल काढायची भट्टी तांब्याची. खाली जाळ, भांड्यात पाणी आणि फुले. वाफ वर चढते, जाताना फुलातले तेल बरोबर घेऊन जाते, नळीत थंड होते आणि पाण्यावर तेलाचा पातळ थर तरंगतो. आपल्या विज्ञानाच्या पुस्तकात ऊर्ध्वपातन म्हणून जे शिकवतो, तेच हे.

इथे एक आकडा लक्षात ठेवूया, पुढे उपयोगी पडेल. शंभर किलो फुले भट्टीत घातली तरी एक किलोसुद्धा तेल निघत नाही. म्हणजे बाटलीतला एकेक थेंब किती फुलांचा अर्क असेल याचा विचार करा. फूल हुंगणे वेगळे आणि हा थेंब अंगावर घालणे वेगळे.

गातफोसे या डोंगराळ भागात जात राहिले. गरीब शेतकऱ्यांनी रानातल्या फुलांवर अवलंबून न राहता लॅव्हेंडरची नीट लागवड करावी, चांगल्या पद्धतीने तेल काढावे, त्यांना बरा भाव मिळावा, यासाठी त्यांनी मनापासून काम केले. लॅव्हेंडरशी त्यांचे नाते अपघाताने जुळले नव्हते, ते आधीपासूनच होते.

जुलै १९१०

आता तो प्रसंग. जुलै १९१० मध्ये प्रयोगशाळेत स्फोट झाला. पेटते रसायन गातफोसे यांच्या अंगावर उडाले. ते धावत बाहेर गेले आणि हिरवळीवर लोळून त्यांनी अंगावरची आग विझवली. नीट वाचा बरं का. तेलाचे भांडे नाही, चुकून हात बुडवणे नाही. गवतावर लोळून आग विझवली.

खरे संकट पुढे आले. भाजलेल्या दोन्ही हातांना गॅस गँग्रीन झाले. मातीतले काही जंतू जखमेत शिरले की हा आजार होतो. हे जंतू मांस सडवतात आणि आत वायू तयार करतात, हात दाबला तर कातडीखाली हवा कुरकुरल्यासारखी लागते. तो फार झपाट्याने पसरतो. १९१० साली पेनिसिलिन नव्हते, सल्फाची औषधे नव्हती, कोणतेही प्रतिजैविक नव्हते. अशा वेळी बऱ्याचदा हातच कापावा लागे आणि तरीही माणूस वाचेल याची खात्री नसे.

गातफोसे यांनी हातांवर लॅव्हेंडरच्या तेलाचा उपचार केला. तो त्यांनी जाणूनबुजून केला, त्या तेलाची माहिती असल्यामुळे केला. त्यांनी स्वतः नोंदवले आहे की एकदा तेलाने हात धुतल्यावर मांसात वायू होणे थांबले, पुष्कळ घाम आला आणि दुसऱ्या दिवसापासून जखम भरायला लागली. हात वाचले.

माणूस शास्त्रज्ञ होता, म्हणून एवढ्यावर खूश होऊन थांबला नाही. हे का घडले, याच्या मागे लागला.

महायुद्ध आणि पुढचे काम

चार वर्षांनी, १९१४ मध्ये, पहिले महायुद्ध सुरू झाले. खंदकातल्या चिखलात जखमी झालेल्या सैनिकांना गॅस गँग्रीन मोठ्या प्रमाणावर होत होते. ज्या आजाराने स्वतःचे हात जाता जाता वाचले, तोच आजार हजारो तरुणांना गिळत होता. गातफोसे यांनी सुगंधी तेलांचे जंतुनाशक म्हणून प्रयोग सुरू केले, रुग्णालयांतल्या डॉक्टरांना ती वापरून बघायला दिली, सुगंधी तेलांचा जंतुनाशक साबण बनवला.

ते स्वतः डॉक्टर नव्हते. ही मर्यादा ते जाणून होते, म्हणून त्यांनी डॉक्टरांना हाताशी धरले, रुग्णांच्या नोंदी गोळा केल्या. वर्षानुवर्षांच्या या कामातून १९३७ साली त्यांचे ‘अरोमाथेरापी’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. सुगंधी तेलांनी उपचार या अर्थाचा हा शब्द या पुस्तकामुळे जगभर गेला. आज अरोमाथेरपी म्हटले की मेणबत्ती, मंद संगीत, मालिश असे चित्र डोळ्यासमोर येते. गातफोसे यांच्या पुस्तकात तसे नाही. त्यात जखमा, त्वचारोग, जंतू आणि औषधी गुण यांची चर्चा आहे.

रसायनशास्त्राखेरीज त्यांना प्राचीन इतिहासाचीही ओढ होती. अटलांटिस या दंतकथेतल्या बुडालेल्या भूमीवरही त्यांनी लिहिले. आयुष्याच्या अखेरीस ते मोरोक्को देशात होते आणि १९५० साली कासाब्लांका शहरात त्यांचे निधन झाले.

त्यांच्या मागे फ्रान्समध्ये ज्याँ व्हाल्ने या लष्करी डॉक्टरांनी १९६४ साली याच विषयावर पुस्तक लिहून हे काम पुढे नेले. मार्गरीत मोरी या बाईंनी सुगंधी तेल साध्या वनस्पती तेलात पातळ करून मालिश करण्याची पद्धत रुळवली. पातळ करून, हा शब्द पालकांनी लक्षात ठेवावा.

कानगोष्टींचा खेळ

मग हात बुडवण्याची गोष्ट आली कुठून? मूळ पुस्तक फ्रेंचमध्ये. इंग्रजी भाषांतर छापून आले ते १९९३ साली, म्हणजे पन्नासहून जास्त वर्षांनी. तोपर्यंत गोष्ट तोंडातोंडी फिरत होती. आपण वर्गात कानगोष्टींचा खेळ घेतो ना, पहिल्या मुलाला सांगितलेले वाक्य शेवटच्या मुलापर्यंत भलतेच होऊन पोचते, अगदी तसे झाले. हिरवळ गेली, तेलाचे भांडे आले. गँग्रीन गेले, नुसता भाजलेला हात राहिला. दोन हातांचा एक हात झाला. शेवटी उरला तो फक्त चमत्कार.

यात वाईट काय? हे की दोन्ही गोष्टींतून निघणारा धडा वेगळा आहे. दंतकथा सांगते, भाजले की लॅव्हेंडर ओता. खरी गोष्ट सांगते, की एका प्रौढ, जाणकार माणसाने, दुसरा उपाय नसलेल्या काळात, सडत चाललेल्या जखमेवर हे वापरले आणि त्याचा गुण आला. शिवाय एका माणसाचा अनुभव म्हणजे पुरावा नव्हे. आज गॅस गँग्रीनवर शस्त्रक्रिया आणि प्रतिजैविके हाच उपचार आहे. आज गातफोसे असते तर तेही दवाखान्यातच गेले असते असे मला वाटते.

लहान मुले आणि लॅव्हेंडर तेल : पालकांसाठी

लॅव्हेंडर वाईट आहे असे अजिबात नाही. वास छान आहे, अनेकांना शांत वाटते. पण आपल्याकडे ‘तेल’ म्हटले की खोबरेल, तिळाचे असे वाटते आणि घोटाळा होतो. हे ते तेल नाही, हा तीव्र अर्क आहे. म्हणून काही गोष्टी सांगते.

१) भाजल्यावर तेल नको. भाजलेला भाग लगेच नळाच्या साध्या गार वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटे धरा. बर्फ नको, टूथपेस्ट नको, शाई नको, हळद नको आणि लॅव्हेंडरही नको. लहान मूल असेल, फोड आले असतील, किंवा चेहरा, हात, जांघ भाजली असेल तर दवाखाना गाठा.

२) बाटलीतले तेल तसेच त्वचेवर लावू नका. मुलांची कातडी मोठ्यांपेक्षा पातळ असते आणि वजनाच्या मानाने अंगाचे क्षेत्रफळ जास्त असते, त्यामुळे लावलेले जास्त शोषले जाते. मोठ्या मुलाला लावायचेच असेल तर चहाचे दोन चमचे खोबरेल तेलात एक थेंब, एवढे पुरे. आधी हातावर थोडेसे लावून एक दिवस बघा.

३) दोन वर्षांच्या आतल्या बाळाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नको. नाकात, कानात, डोळ्यांजवळ तर कोणत्याच वयात नको.

४) पोटात देऊ नका. चुकून मूल प्यायले तर उलटी काढायचा प्रयत्न करू नका, कारण उलटीबरोबर तेल फुप्फुसात जाऊ शकते. बाटली बरोबर घेऊन ताबडतोब दवाखान्यात जा, गरज पडली तर १०८ ला फोन करा.

५) खोलीत वास करायचा तर एक-दोन थेंब, थोडाच वेळ आणि खिडकी उघडी. दमा असलेल्या मुलाला वासानेही त्रास होऊ शकतो. मूल खोकायला लागले, डोळे चोळायला लागले तर लगेच बंद करा.

६) जुनी बाटली फेकून द्या. झाकण उघडे राहिले, हवा लागत राहिली की लॅव्हेंडरमधले लिनॅलूल हे द्रव्य बदलते आणि त्यापासून त्वचेला ॲलर्जी होण्याची शक्यता वाढते.

७) २००७ साली अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात तीन मुलग्यांच्या छातीची वाढ झाल्याची आणि त्यांच्या वापरातल्या वस्तूंत लॅव्हेंडर, टी ट्री तेल असल्याची नोंद आली. वस्तू बंद केल्यावर वाढ ओसरली. यावर पुढे बरेच वाद झाले, संबंध ठामपणे सिद्ध झालेला नाही. घाबरायचे कारण नाही, पण रोज अंगभर लावायचेही कारण नाही.

आणि एक आपल्या घरातली गोष्ट. लॅव्हेंडर महाग, सगळ्यांकडे नसते. पण निलगिरी तेल आणि कापूर जवळजवळ प्रत्येक घरात असतो. सर्दी झाली की बाळाच्या छातीवर कापूर चोळतात, उशाशी कापराची पुरचुंडी ठेवतात. कापूर किंवा निलगिरी तेल थोडेसे जरी लहान मुलाच्या पोटात गेले तरी झटके येऊ शकतात. लॅव्हेंडरपेक्षाही या दोघांपासून जास्त जपायला हवे. आजी-आजोबांना हे प्रेमाने समजावून सांगा, त्यांना दोष देऊन नको.

वर्गात कसे घ्यावे

चौथी-पाचवीच्या मुलांना मी हा पाठ असा दिला. आधी हात बुडवण्याची गोष्ट सांगितली. मग जुलै १९१० ची खरी हकीकत सांगितली. फळ्यावर दोन रकाने केले, एकीकडे ‘ऐकलेले’ आणि दुसरीकडे ‘नोंदवलेले’. मुलांनी स्वतः फरक शोधले. त्यांना सहा फरक सापडले, मला पाचच दिसले होते! मग प्रत्येकाला घरी ऐकलेला एक उपाय लिहून आणायला सांगितला आणि त्यापुढे एक प्रश्न लिहायला सांगितला : हे कोणाला, कधी, किती आणि कशावरून? वैज्ञानिक दृष्टिकोन म्हणजे आणखी काय असते?

मुलांना एवढे सांगून थांबले नाही. माझी चूकही सांगितली. बाई चुकल्या, न तपासता गोष्ट सांगितली आणि एका बाळाला त्रास झाला, हे वर्गासमोर बोलताना आवाज जरा कापला. ती मुलगी पहिल्याच बाकावर बसली होती. पालक ग्रुपवरही जुन्या गोष्टीच्या जागी खरी गोष्ट टाकली आणि तिच्या आईला घरी जाऊन भेटले. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, बाई सांगतात म्हणजे खरेच असणार असे वाटले. हे ऐकून मला रागावण्यापेक्षा जास्त लागले. आपल्या शब्दावर लोक एवढा विश्वास ठेवतात, तर तो शब्द तोलून-मापून द्यायला हवा.

गातफोसे यांच्या चरित्रातून मी हेच घेतले. हात वाचले तेव्हा त्यांना चमत्काराची गोष्ट सांगत फिरता आले असते. त्याऐवजी त्यांनी सत्तावीस वर्षे प्रयोग केले, डॉक्टरांना विचारले, नोंदी ठेवल्या आणि मग पुस्तक लिहिले. चमत्कार नंतरच्या लोकांनी जोडला.

आज घरी गेल्यावर एक काम नक्की करा. अशी छोटी बाटली, निलगिरी तेल, कापराची डबी घरात कुठे ठेवली आहे ते बघा. मुलाचा हात पोचेल अशा जागी असेल तर वरच्या फळीवर ठेवा.